पाकिटावरची अक्षरे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



दरवर्षी ह्या जागी कुणीतरी शिकलेल्या बाई बोलतात. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण विषय असा निघाला की तो माझ्याच स्वयंपाकघरात पाट मांडून बसला होता. आपल्या भाजणीच्या आणि मेतकुटाच्या पाकिटांना छापील लेबल लावायचे कमिटीने ठरवले आणि नमुने काढण्याचे काम माझ्या भाचीकडे आले. ती मुंबईला उपयोजित कलेच्या महाविद्यालयात शिकते. पूर्वी ह्या लोकांना कमर्शियल आर्टिस्ट म्हणत, आता ग्राफिक डिझायनर म्हणतात. पुस्तकाचे वेष्टण, दुकानाची पाटी, औषधाचे लेबल, लग्नाची पत्रिका, जे जे छापून लोकांपुढे येते त्याची मांडणी ठरवणारा तो ग्राफिक डिझायनर.

दिवाळीच्या सुटीत ती आमच्याकडे होती. मी चकल्या पाडीत होते आणि ती ओट्याशी स्टूल घेऊन आपल्या अभ्यासातले वाचून दाखवीत होती. त्यातले मला काय पटले आणि काय पटले नाही, ते आज सांगते. लेबलावरून कमिटीत दोन तट पडले आहेत हे तुम्हांला ठाऊकच आहे, आणि शेवटी मत तुम्हां सर्वांना द्यायचे आहे.

पहिली गोष्ट धाटणीची. ती मंडळी तिला स्टाइल म्हणतात. आज सकाळी मंडळाच्या दाराशी रांगोळी कुणी काढली, हे मला विचारावे लागले नाही. ठिपके सगळ्यांचे सारखेच, तरी एकीची रेघ जाड, एकीची केसासारखी, एक जण कोपरा आला की बोट गोल वळवते. हे कुणी शिकवीत नाही आणि लपवायचे म्हटले तरी लपत नाही.

चित्रकारांचेही तसेच असते. आमच्या सासूबाईंच्या ट्रंकेत जुने दिवाळी अंक आहेत. मोतीबिंदूने त्यांची नजर आता अधू झाली आहे, पण अंक हातात दिला की सही न शोधता सांगतात, "हे दलालांचे, आणि हे मुळगावकरांचे." दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) मूळचे गोव्याचे. शेकडो पुस्तकांची वेष्टणे त्यांनी रंगवली आणि १९४५ साली 'दीपावली' हा अंक स्वतः सुरू केला. रघुवीर मुळगावकरांच्या देवादिकांच्या चित्रांची कॅलेंडरे तर वर्ष सरल्यावर काच लावून भिंतीवर टांगलेली आपल्यापैकी पुष्कळजणींनी माहेरी पाहिली असतील. ह्या दोघांची धाटणी हीच त्यांची पुण्याई होती. घरातली माणसे अंक घेत ती आधी वेष्टण पाहून.

आता ह्याच्या उलट उदाहरण कमल शेडगे ह्यांचे (१९३५–२०२०). वर्तमानपत्रांत मराठी नाटकांच्या जाहिराती येत, त्यांतली नाटकांच्या नावांची अक्षरे त्यांच्या हातची. ते प्रत्येक नाटकाला वेगळे अक्षर देत. पौराणिक नाटकाचे अक्षर भारदस्त, विनोदी नाटकाचे अक्षर जागच्या जागी हलतेसे. नाव वाचण्याआधीच कळावे की आत काय आहे. भाची म्हणाली, "मावशी, ह्यांची धाटणी कोणती म्हणशील?" मी म्हटले, ज्या घरी जावे त्या घरचे होऊन राहावे, हीच त्यांची धाटणी. आपल्या बायकांना हे निराळे सांगायला नको.

हे चालले असता तिने मिल्टन ग्लेझरचे नाव काढले. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी हा नामांकित डिझायनर होऊन गेला. जन्म १९२९, मृत्यू २०२०. बॉब डिलन म्हणून तिकडचे एक गायक आहेत, त्यांच्या तबकडीबरोबर १९६७ साली ग्लेझरचे एक मोठे चित्र घडी घालून दिले होते. चेहरा बाजूने दिसणारा, सगळा काळा, आणि केसांच्या जागी इंद्रधनुष्यासारख्या रंगांच्या लाटा. चित्र अतोनात गाजले. दुसरा कुणी असता तर जन्मभर लोकांचे केस रंगवीत बसला असता. ग्लेझरने तसे केले नाही. धाटणीवर विसंबू नये असे तो म्हणे. तिची चाल येते आणि जाते, तिला इमान वाहण्यासारखे त्यात काही नाही. यशाविषयीही त्याचे मत असेच कडू होते. एकदा वाहवा झाली की माणूस तेच तेच करू लागतो, चुकायला भितो आणि मग त्याचे शिकणे थांबते.

हे ऐकून मला हसू आले. कारण भिशीला कुणाचे दहीवडे एकदा नावाजले की त्या बाई पुढची दहा वर्षे दहीवडेच आणतात, आणि आपणही दुसरे काही आणले तर हिरमुसतो. दोष एकट्या आणणारीचा नाही.

तरी ग्लेझरचे सगळे मला पटले नाही. दलालांनी आपला हात टाकून दिला असता तर सासूबाईंच्या ट्रंकेत काय उरले असते? मला वाटते, जिथे पाहणाऱ्याला आनंद द्यायचा आहे तिथे हात दिसावा, अगदी ठसठशीत दिसावा. पण जिथे कुणाला काही वाचून त्याप्रमाणे वागायचे आहे, तिथे हात मागे घ्यावा. मोदकाच्या कळ्या कितीही सुबक पाडा. औषधाच्या चमच्यावर नक्षी कशाला?

औषधाचे निघाले म्हणून घरचेच सांगते. सासूबाईंना दोन गोळ्या चालू आहेत, एक रक्तदाबाची आणि एक मधुमेहाची. दोन्ही चंदेरी पत्र्याच्या पट्टीत. त्या चकाकत्या पत्र्यावर नाव इतके बारीक छापलेले की दिव्याखाली धरून वाकडी-तिकडी करावी तेव्हा कुठे दिसते. त्यात दुकानदार दहाच्या पट्टीतल्या चार कापून देतो, आणि नेमका नावाचा आणि तारखेचा तुकडा त्याच्याकडे राहतो. गेल्या पावसाळ्यात एकदा सासूबाईंनी रात्रीची गोळी सकाळी घेतली आणि सकाळचीही घेतली. दुपारी दरदरून घाम, हातपाय गार. साखर उतरली होती. वेळीच कळले म्हणून निभावले. त्या दिवसापासून मी दोन डब्या केल्या. सकाळच्या डबीला पिवळा दोरा, रात्रीच्या डबीला काळा. बोटाला लागावी म्हणून काळ्या दोऱ्याला गाठ मारली. तेव्हापासून घोटाळा नाही.

भाचीने तो दोरा पाहिला आणि उडालीच. म्हणाली, "मावशी, हे तर अमेरिकेत एका मुलीने केले, आणि ते न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयाने ठेवून घेतले आहे!" ती हकीकत अशी. डेबोरा ॲडलर नावाची विद्यार्थिनी न्यूयॉर्कमध्ये हाच अभ्यास शिकत होती. तिच्या आजीने चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या. तिकडे दुकानदार गोळ्या नारिंगी रंगाच्या गोल बाटलीत घालून देतात आणि बाटलीवर घेणाऱ्याचे नाव लिहितात. दोघांच्या बाटल्या अगदी सारख्या. मुलीने बाटली हातात घेऊन नीट पाहिली, तर तिच्या ध्यानात आले की लेबलावर सर्वांत ठळक असते ते दुकानाचे नाव! औषधाचे नाव आणि किती घ्यायचे हे मात्र बारीक, तेही गोल बाटलीभोवती फिरलेले, म्हणजे बाटली हातात गरगर फिरवीत वाचायचे.

तिने बाटलीला सपाट बाजू दिली. वर मोठ्या अक्षरांत औषधाचे नाव, त्याखाली कुणी, केव्हा, किती घ्यायचे ते, मग एक रेघ, आणि दुकानाचे नाव त्या रेघेच्या खाली. घरातल्या प्रत्येक माणसाच्या बाटलीला वेगळ्या रंगाची कडी. २००५ साली टार्गेट नावाच्या मोठ्या दुकानसाखळीने ही बाटली वापरात आणली. दहा वर्षांनी त्या दुकानांतला औषधविभाग दुसऱ्या कंपनीने विकत घेतला आणि पुन्हा जुन्या धर्तीच्या बाटल्या आल्या. तेव्हा गिऱ्हाइकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. पुढे २०१७ साली त्याच कंपनीने ह्याच मुलीकडून औषधाच्या वेळा चित्राने दाखवणारे नवे लेबल करून घेतले.

मला ह्यातले सर्वांत काय आवडले सांगू? दुकानाचे नाव तिने खाली नेले ते. बाटली घेणारा, पैसे देणारा तो दुकानदार. त्याचेच नाव खाली न्यायचे, आणि त्याला ते पटवून द्यायचे, ह्याला छाती लागते. चित्र तर पुष्कळांना काढता येते. ही मुलगी पुढे काही वर्षे ग्लेझरच्याच हाताखाली काम करीत होती, हेही सांगून ठेवते, कारण आता मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

पण त्याआधी यशाविषयी थोडे. भाची म्हणते, तिच्या वर्गातली मुले यश म्हणजे बक्षीस आणि पगार असे धरून चालतात. त्यांचे चूक नाही, पोट सर्वांना आहे. बुटांच्या एका जगप्रसिद्ध कंपनीची ती बाकदार खूण १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने काढली आणि तिला त्याचे ३५ डॉलर मिळाले. बारा वर्षांनी कंपनीने तिला त्या खुणेची हिऱ्याची अंगठी आणि काही शेअर दिले. आमच्या घरी ह्यावर फार चर्चा झाली. मी म्हणाले, मोबदला कामाच्या वेळीच ठरवून घ्यावा. अंगठीची वाट पाहू नये. (मंडळाने भाचीला काय द्यायचे हेही कमिटीने ठरवून टाकावे. नात्यातली म्हणून फुकट, हे मला मान्य नाही.)

उलट ग्लेझरने १९७७ साली न्यूयॉर्कसाठी एक खूण फुकट काढली. शहराची तेव्हा फार वाईट दशा होती. दोन वर्षांपूर्वी तिजोरीचे दिवाळे वाजण्याची वेळ आली होती. टॅक्सीत बसल्या बसल्या त्याने लाल खडूने पाकिटावर चार आकार काढले. 'मी' ह्या अर्थाचे इंग्रजी अक्षर, पुढे 'प्रेम' ह्या शब्दाऐवजी लाल बदाम, आणि शहराच्या नावाची दोन अक्षरे. आज आपल्या गावच्या बाजारातसुद्धा तसला बदाम छापलेले सदरे लटकतात, गावांची नावे बदलून. काढणाऱ्याचे नाव त्यांतल्या एकालाही ठाऊक नसेल.

आणि आपल्याकडचे पाहा. संगणकावर मराठी लिहायला 'मंगल' नावाचे अक्षर असते. ते घडवण्याचे काम र. कृ. जोशी (१९३६–२००८) ह्यांच्या नेतृत्वाखाली झाले. आपले दाखले, अर्ज, नोटिसा किती वर्षे त्या अक्षरांत निघाल्या असतील! सही कुठेच नाही. सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. ते चित्र पाहवत नाही, आणि पाहवत नाही हेच त्याचे यश.

आता ग्लेझरकडे. डांटे नावाच्या इटलीच्या जुन्या कवीच्या काव्यासाठी चित्रे काढताना त्याला नरकाची वाट सुचली. म्हणून त्याने आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी बारा पायऱ्यांची यादी केली. प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारायचे, हे काम मी करीन का? बारावी पायरी म्हणजे, जी वस्तू नेहमी वापरली तर माणूस मरू शकतो तिची जाहिरात. तिथे कुणीही नाही म्हणेल. पण पहिली पायरी ऐका. फळीवर ठेवले असता आहे त्याहून मोठे दिसेल असे पाकीट करणे. तिसरी म्हणजे, नव्या धंद्याला जुन्या घराण्याची वाटेल अशी मुद्रा काढून देणे. सातवी अशी की, पोषण थोडे आणि साखर फार, हे माहीत असून ते मुलांसाठी म्हणून सजवणे.

भाची वाचीत होती आणि माझा सोऱ्या तिथेच थांबला. कारण ह्या तिन्ही सूचना आपल्याच बैठकीत झाल्या होत्या. कुणाचे नाव घेत नाही, त्या सूचनांमागे मंडळाचे भलेच होते. पाव किलो भाजणीला उंच खोके करावे, म्हणजे दुकानात उठून दिसेल. 'पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा' असे गोल शिक्क्यात छापावे. नाचणीच्या वड्यांवर 'बाळगोपाळांसाठी पौष्टिक' असे लिहावे. भगिनींनो, आपण भाजणी विकायला लागून तीन वर्षे झाली. आणि नाचणीच्या वड्यांत नाचणी किती अन् गूळसाखर किती हे, कढईपाशी उभ्या राहिलेल्या आपल्याइतके कुणाला ठाऊक?

भाचीने चित्र काढून दिले, पण तो शिक्का आणि ती 'पौष्टिक' अक्षरे घालायला ती तयार झाली नाही. त्यावरून थोडी बोलाबोली झाली. "एवढीशी पोर आम्हांला शिकवणार का?" असे शब्द माझ्या कानांवर आले. त्याला माझे उत्तर असे की, आपण कुणी शिंप्याला सांगतो का, की कापड सव्वा मीटर लागले तरी दोन मीटर लिही? त्याने नाही म्हटले तर तो उद्धट होत नाही. लेबलावरचे वाक्य आपले असले तरी ते सजवून खरे भासवणारा हात तिचा आहे. जिने हात लावायचा तिला हात आवरण्याचाही अधिकार आहे.

उलट बाजूचेही म्हणणे मी विसरत नाही. आपल्या काही भगिनींचे घर ह्या पाकिटांवर चालते. शेजारच्या फळीवर मोठ्या कंपनीचे झगमगीत पाकीट असेल आणि आपले साधे, तर आपले पडून राहील, ही भीती खरी आहे. गेल्या पावसाळ्यात २० किलो भाजणी परत आली, ती आपण सर्वांनी वाटून घेतली. म्हणून भाचीला मी स्पष्ट सांगितले, तुझी तत्त्वे राहू देत, पण पाकीट उठून दिसले पाहिजे. पंधरा दिवस ती त्यावरच बसली होती.

तिने काय केले ते सांगते. पाकीट आहे तेवढेच ठेवले. वर 'भाजणी' हा एकच शब्द काढला, पण त्याची शिरोरेघ अशी वळवली की तिचा शेवट चकलीच्या वेटोळ्यात होतो. धाटणी हवी ना, ती तेवढ्यात आली. रंग हळदीचा, अक्षर तपकिरी. दहा हातांवरून वाचता येते, मी ओसरीवरून वाचून पाहिले. मंडळाचे नाव त्याखाली, लहान. खरे सांगते, ते मलाही जरा लागले. मग बाटलीची गोष्ट आठवली आणि गप्प बसले.

मागच्या बाजूला वजन, किंमत, तारीख, नोंदणीचा क्रमांक. हे कायद्याने लागतेच. पण घटक पदार्थ तिने मोठ्या अक्षरांत घेतले आहेत. मेतकुटात गहू असतो, आणि आपल्या हिंगातही गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ज्या मुलांना गहू सोसत नाही त्यांच्या आया हे आधी शोधतात. 'गहू आहे' हे शब्द तिने वेगळ्या चौकटीत घातले. हिरव्या ठिपक्याचे तर सरकारचे मापच ठरलेले. त्या ठिपक्याची गंमत तिने सांगितली. पूर्वी मांसाहारी पदार्थावरही गोल ठिपकाच असे, फक्त तपकिरी. ज्यांना हिरवा आणि तपकिरी ह्यांतला फरक दिसत नाही त्यांना दोन्ही सारखेच. म्हणून २०२० च्या नियमांत तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण केला. इतका लहान बदल, पण एखाद्या शाकाहारी माणसाचे ताट त्याने वाचले असेल.

खर्चाचे म्हणाल तर दोन रंगांची छपाई आहे, चार रंगांची नाही. हजार लेबलांचा भाव छापखान्याकडून चिटणीसबाईंनी मागवला आहे, तो त्या सांगतील. शिक्का घातलेला जुना नमुनाही मुद्दाम आणला आहे, कुणाला वाटू नये की मावशीने भाचीची बाजू घेऊन तो घरीच ठेवला.

दोन्ही नमुने तिकडे सतरंजीपलीकडच्या टेबलावर, भाजणीच्या भरलेल्या पाकिटांवर चिकटवून ठेवले आहेत. चहा होण्यापूर्वी बघून घ्या. चष्मा असेल तर आधी काढून बघा आणि मग लावून. सासूबाईंना मी बरोबर आणले आहे, त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचे मत त्या माझ्याजवळ फोडायला तयार नाहीत. चिठ्ठ्या चिटणीसबाईंकडे द्याव्यात.